ठाणे खाडीतील मायक्रोप्लास्टिक : जलचरांना असलेली जोखीम कशी ठरवावी

पाण्यात प्लास्टिकचे कण सापडले, एवढ्यावरून तिथल्या मासळीला किंवा कालवांना धोका आहे असे म्हणता येत नाही. आणि कण फार थोडे सापडले म्हणून धोका नाही, असेही म्हणता येत नाही. जोखीम ठरते ती दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्यावर. प्राण्याच्या वाट्याला प्रत्यक्षात कोणते आणि किती कण येतात, ही एक. आणि तशाच कणांमुळे त्याच्या वाढीवर, प्रजननावर किंवा जगण्यावर काय परिणाम होतो, ही दुसरी. अडचण अशी की या दोन्ही बाजूंची मापे बहुधा निरनिराळ्या आकाराच्या आणि निरनिराळ्या जातीच्या कणांबद्दल असतात. ती आधी जुळवून न घेता केलेला भागाकार कितीही नेटका दिसला तरी त्याला अर्थ नसतो. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा पर्यावरण संस्थेत असे मूल्यांकन हाती घेणाऱ्यांसाठी हे लेखन आहे, आणि त्यात सर्वांत जास्त जागा या जुळवणीला दिली आहे.

उदाहरण म्हणून ठाणे खाडी घेऊ. सुमारे २६ किलोमीटर लांबीची ही खाडी उत्तरेला एका अरुंद पट्ट्याने उल्हास नदीच्या खाडीशी जोडलेली आहे आणि दक्षिणेला मुंबई बंदरात उघडते. तिच्या एका काठावर मुंबई आणि ठाणे, तर दुसऱ्या काठावर नवी मुंबई आणि ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आहे. खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत गेला. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर गोड्या पाण्याची आवक कमी असते, त्यामुळे भरती-ओहोटीबरोबर तेच पाणी बराच काळ मागेपुढे होत राहते. प्लास्टिकच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण शहराने टाकलेले कण लगेच समुद्रात निघून जातात असे इथे गृहीत धरता येत नाही.

प्रश्न आधी ठरवावा, नमुने मग

‘खाडीत किती मायक्रोप्लास्टिक आहे’ हा जोखमीचा प्रश्न नव्हे. कोणता प्राणी, तो पाण्याच्या कोणत्या थरात किंवा कोणत्या गाळात राहतो, काय आणि कसे खातो, आणि त्याच्या बाबतीत कोणता परिणाम आपण टाळू पाहतो, हे ठरल्याशिवाय नमुन्याची जागा, खोली, जाळीचे छिद्र यांतले काहीच नीट ठरत नाही. मायक्रोप्लास्टिक म्हणजे ५ मिलिमीटरपेक्षा लहान कण, ही सर्वत्र मान्य झालेली व्याख्या आहे आणि खालची मर्यादा बहुधा १ मायक्रोमीटर धरतात. म्हणजे सर्वांत मोठा कण सर्वांत लहान कणाच्या पाच हजार पट लांब असतो. कालवाला जो कण गिळता येतो तो शिंगाळा माशाच्या दृष्टीने नगण्य असतो, आणि शिंगाळ्याच्या पोटात सापडणारा दोरीचा तुकडा कालवाच्या वाट्याला कधीच येत नाही.

खाडीसाठी पुढीलपैकी तीन-चार प्रतिनिधी प्राणी पुरेत. सगळ्याच प्राण्यांना हात घालण्याचा मोह टाळावा. कालवे आणि तिसऱ्या हे शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे तरंगत्या बारीक कणांशी त्यांचा संबंध थेट येतो. बोय मासा चिखलाच्या पृष्ठभागावरील सेंद्रिय गाळ खरवडून खातो आणि निवटी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावरच जगते. या दोघांसाठी पाण्यापेक्षा गाळाचे माप महत्त्वाचे. जवळा हा लहान, पाण्यात झुंडीने फिरणारा आणि बोंबलासारख्या माशांचे खाद्य असलेला जीव असल्याने अन्नसाखळीतील दुवा म्हणून घेता येतो. लहान रोहित (फ्लेमिंगो) हा पक्षी जलचर नसला तरी चोचीतून पाणी गाळून सूक्ष्म शैवाल खातो, म्हणून अभयारण्याचे मूल्यांकन असेल तर त्याला वगळू नये.

यानंतर कणांच्या उगमापासून प्राण्यापर्यंतचा मार्ग एका पानावर रेखाटावा. धुण्याच्या पाण्यातून येणारे पॉलिएस्टरचे तंतू सांडपाण्यातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत येतात. रस्त्यावरची टायरची झीज पहिल्या पावसाबरोबर वाहून येते. मासेमारीची जाळी आणि दोर यांचे नायलॉन, थर्माकोलचा भुगा, होड्यांच्या रंगाचे पापुद्रे, प्लास्टिकच्या कारखान्यांतून सांडणारे कच्च्या मालाचे दाणे हे बाकीचे स्रोत. दाण्यांचा प्रश्न कारखान्यांपुरता नाही: मे २०२१ मध्ये कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज जळाले आणि मे २०२५ मध्ये कोचीजवळ ‘एमएससी एल्सा ३’ बुडाले, तेव्हा असे दाणे किनाऱ्यांवर पसरले होते. मुंबई बंदराला लागून असलेल्या खाडीसाठी ही शक्यता आराखड्यात असलीच पाहिजे.

नमुने घेताना

अभयारण्याच्या हद्दीत काम करायचे असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी घ्यावी आणि तिला लागणारा वेळ वेळापत्रकात धरावा.

खाडीच्या पाण्यात वेळेचा प्रश्न जागेइतकाच मोठा असतो. उधाणाच्या (अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या) ओहोटीला नाल्याच्या मुखाशी घेतलेला नमुना आणि भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या लहान) भरतीला मध्यधारेत घेतलेला नमुना यांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या पाण्यांची तुलना करणे. म्हणून प्रत्येक ठिकाणी उधाण आणि भांग या दोन्ही वेळी, भरती-ओहोटीच्या ठरावीक टप्प्यावर नमुने घ्यावेत आणि ही फेरी पावसाळ्यापूर्वी, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पावसाळा संपल्यावर पुन्हा करावी. पैसा कमी असेल तर ठिकाणे कमी करावीत, ऋतू कमी करू नयेत. स्थानिक कोळी बांधवांना सोबत घेतल्यास कुठे ओढ असते, कुठे कचरा साचतो आणि डोल जाळ्यात काय अडकते, हे नकाशापेक्षा अधिक अचूक कळते.

पृष्ठभागावरील पाण्यासाठी बहुतेक ठिकाणी सुमारे ३०० मायक्रोमीटर छिद्रांचे तरंगते जाळे ओढतात. त्याचा फायदा असा की फार मोठे आकारमान गाळून निघते. जाळ्याच्या तोंडाची रुंदी ६० सेंटिमीटर आणि बुडालेली उंची १५ सेंटिमीटर असेल, तर एक किलोमीटर ओढल्यावर ९० घनमीटर पाणी त्यातून जाते. मात्र जाळ्याच्या तोंडाशी प्रवाहमापक बसवावाच, कारण खाडीचे गढूळ पाणी जाळे लवकर चोंदवते आणि मग पाणी आत न जाता बाजूने निघून जाते. जाळ्याचा तोटा अधिक गंभीर आहे: ३०० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण आणि बरेचसे बारीक तंतू त्यातून निसटतात, आणि कालव किंवा जवळा जे खातो ते नेमके याच आकाराचे असतात. त्यामुळे जाळ्याच्या जोडीला पंपाने पाणी उपसून ते पोलादी चाळण्यांच्या उतरंडीतून, सर्वांत खाली २० मायक्रोमीटरच्या चाळणीतून, गाळावे.

किती पाणी गाळावे याला एक सोपा हिशोब आहे. दहा लिटर पाण्यात एकही कण सापडला नाही, तर खरे प्रमाण शून्य आहे असे सिद्ध होत नाही. ९५ टक्के खात्रीने इतकेच म्हणता येते की ते लिटरमागे ०.३ कणांपेक्षा जास्त नाही. शून्य मोजणी आली की ३ ला गाळलेल्या लिटरांनी भागावे, म्हणजे ही वरची मर्यादा मिळते. पुढे ज्या उंबरठ्याशी, म्हणजे ज्याच्या वर परिणामाची शंका घ्यायची त्या प्रमाणाशी, तुलना करायची तो ठाऊक असेल तर त्याच्या बराच खाली पोहोचेल एवढे पाणी गाळावे लागते. बादलीभर पाण्यावर काढलेले ‘प्रदूषण नाही’ असे निष्कर्ष मला म्हणूनच पटत नाहीत.

गाळाकडे दुर्लक्ष करणे ही खाडीच्या अभ्यासातली मोठी त्रुटी ठरते. खाऱ्या पाण्याची घनता सुमारे १.०२५ असते. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन यांची घनता १ पेक्षा कमी, म्हणून ते तरंगतात. पीईटीची (बाटल्या आणि पॉलिएस्टरचे तंतू ज्याचे असतात त्या प्लास्टिकची) सुमारे १.३८ आणि नायलॉनची सुमारे १.१४, म्हणून ते बुडतात. तरंगणाऱ्या कणांवरही जीवाणू-शैवालांचा थर चढला की तेसुद्धा खाली बसू लागतात. तिवरांच्या मुळांत आणि चिखलपट्ट्यांवर वरच्या पाच सेंटिमीटर गाळाचे नमुने पोलादी किंवा काचेच्या साधनांनी घ्यावेत आणि मोजणी कोरड्या गाळाच्या किलोग्रॅममागे द्यावी.

प्रत्येक फेरीत कोऱ्या नमुन्याची, म्हणजे कणविरहित पाण्याची, बाटली उघडून होडीत ठेवावी, म्हणजे हवेतून आणि कपड्यांतून किती तंतू पडतात ते कळते. सर्वांनी सुती कपडे घालावेत आणि शक्य झाल्यास ते एकाच भडक रंगाचे असावेत, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतू लगेच ओळखू येतात. होडीच्या रंगाचा एक पापुद्रा आणि तिच्या दोराचे काही धागेही वेगळ्या कुपीत जपून ठेवावेत. खाडीत सापडलेला निळा कण आपल्याच होडीचा निघणे ही काही दुर्मिळ गोष्ट नाही.

प्रयोगशाळेत

कामाचा क्रम ठरलेला आहे: सेंद्रिय पदार्थ रसायनाने विरवणे, घनतेने कण वेगळे करणे, गाळणे, मोजणे, ओळखणे. पाणी आणि गाळ यांच्यासाठी ३० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, लोहाच्या क्षाराबरोबर वापरले तर काम लवकर होते. पण ही फेंटन अभिक्रिया फार उष्णता सोडते, म्हणून पात्र बर्फात ठेवावे आणि पेरॉक्साइड थोडे थोडे घालावे. प्राण्यांच्या ऊतींसाठी पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे १० टक्के द्रावण ४० अंश सेल्सिअसला वापरतात. तापमान वाढवून वेळ वाचवू नये, कारण काही प्लास्टिके त्यात विरू लागतात. तीव्र आम्लाने तर नायलॉन नष्टच होते.

घनतेसाठी मिठाचे संपृक्त द्रावण स्वस्त आणि निरुपद्रवी आहे, पण त्याची घनता १.२ च्या आसपास असल्याने पीईटी तळाशीच राहते. कपड्यांच्या तंतूंचा प्रश्न असलेल्या खाडीत केवळ मीठ वापरणे म्हणजे संशयित क्रमांक एकला सोडून देणे. झिंक क्लोराइडच्या द्रावणाची घनता १.५ च्या वर नेता येते. ते दाहक आहे आणि जलचरांना विषारीही, म्हणून गाळून पुन्हा वापरावे. मोरीत ओतले तर जोखीम मोजता मोजता आपणच ती वाढवतो.

ओळखीसाठी केवळ डोळ्यांवर विसंबू नये. कापसाचा रंगीत तंतू आणि पॉलिएस्टरचा तंतू सूक्ष्मदर्शकाखाली सारखेच दिसू शकतात. इन्फ्रारेड वर्णपटमापनाने साधारण १० ते २० मायक्रोमीटरपर्यंतचे आणि रामन पद्धतीने १ मायक्रोमीटरच्या आसपासचे कण ओळखता येतात. यंत्र आपल्याकडे नसेल तर संशयित कणांतून यदृच्छ निवडलेला एक ठळक हिस्सा दुसऱ्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा आणि त्यात प्लास्टिक निघालेल्यांचे प्रमाण संपूर्ण मोजणीला लावावे. टायरचे काळे कण इन्फ्रारेडला दाद देत नाहीत, त्यामुळे ते मोजणीत आले नाहीत तर अहवालात तसे स्पष्ट लिहावे.

कोऱ्या नमुन्यांची मोजणी नुसती वजा करून चालत नाही. समजा, कोऱ्या नमुन्यांत सरासरी ३ तंतू आले आणि त्यांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीच्या चढउताराचे माप) १.५ आहे. सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवली की ७.५ येते; म्हणजे ज्या नमुन्यात आठपेक्षा कमी तंतू आहेत त्यात तंतू ‘सापडले’ असे म्हणता येत नाही. याउलट, संख्या माहीत असलेले रंगीत कण मुद्दाम मिसळून शेवटी त्यांपैकी किती परत मिळतात तेही पाहावे. लहान कण मोठ्या प्रमाणात हरवतात, म्हणून हे प्रमाण, म्हणजे परतावा, आकारगटानुसार वेगवेगळे नोंदवावे.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नये: प्रत्येक कणाची लांबी आणि रुंदी लिहून ठेवावी. नुसती संख्या लिहिणाऱ्याला पुढचा सगळा हिशोब करता येत नाही.

परिणामाची बाजू

कणांमुळे होणाऱ्या हानीचे दोन मार्ग सध्या सर्वांत भक्कम मानले जातात. पहिला म्हणजे अन्न विरळ होणे: पोटात पोषण नसलेला माल भरल्याने प्राणी कमी खातो, वाढ खुंटते, अंडी कमी होतात. दुसरा म्हणजे फार बारीक कण आतड्याच्या भिंतीतून ऊतींत शिरणे आणि तिथे दाह किंवा ताण निर्माण करणे. पहिल्या मार्गात कणांचे आकारमान मोजायचे असते, तर दुसऱ्यात पृष्ठफळ आणि अत्यंत लहान कणांची संख्या. दोन्हींसाठी एकच आकडा वापरता येत नाही.

प्लास्टिकला चिकटून येणाऱ्या विषारी द्रव्यांबद्दल बरेच बोलले जाते. खाडीचे पाणी, चिखल आणि अन्न यांतून तीच द्रव्ये प्राण्यात येतच असतात, आणि त्यांच्या तुलनेत प्लास्टिकमार्गे येणारा वाटा सहसा लहान ठरतो. प्लास्टिकमधून स्वतः झिरपणाऱ्या द्रव्यांची गोष्ट मात्र वेगळी आहे. अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर पावसानंतर कोहो सॅमन मासे का मरतात याचे उत्तर २०२० मध्ये मिळाले, ते टायरमधील ६-पीपीडी या द्रव्यापासून ओझोनच्या संपर्काने बनणारे क्विनोन होते. तिथे कण मोजून काहीच हाती लागले नसते. म्हणून टायरच्या झिजेसाठी रासायनिक विश्लेषणाची वेगळी वाट ठेवावी.

प्रसिद्ध झालेले प्रयोग वापरताना कठोर असावे. अनेक प्रयोगांत एकाच आकाराचे, नवे कोरे, गोल पॉलिस्टायरीनचे मणी वापरलेले असतात. खाडीत मात्र झिजलेले तुकडे आणि तंतू असतात. बाजारात मिळणाऱ्या मण्यांच्या द्रावणात सोडियम अझाइडसारखे परिरक्षक असते, आणि ते धुऊन न काढल्यास प्राणी मण्यांमुळे मेले की अझाइडमुळे, हे कळत नाही. चिकणमातीसारख्या नैसर्गिक कणांचा तुलना-गट आहे का, प्रयोगाच्या पाण्यात कणांचे प्रमाण प्रत्यक्ष मोजले का, की केवळ टाकलेल्या कणांचा हिशोब दिला, प्राण्यांना पुरेसे अन्न होते का, हे प्रश्न प्रत्येक शोधनिबंधाला विचारावेत. ठाणे खाडीसारख्या अतिगढूळ पाण्यातल्या प्राण्यांना न पचणारे कण चाळण्याची सवय असते, त्यामुळे नितळ पाण्यातील प्रयोगाचा निकाल इथे जसाच्या तसा लावणे धाडसाचे आहे.

अशा कसोटीतून निवडलेल्या प्रयोगांतून सुरक्षित पातळी काढण्याच्या दोन रीती आहेत. प्रयोग थोडे असतील तर सर्वांत संवेदनशील प्राण्याची ‘परिणाम न दिसलेली’ पातळी घेऊन तिला सुरक्षा-अंकाने भागतात. गोड्या पाण्यासाठी हा अंक तीन पोषणस्तरांवरील (अन्नसाखळीतील पायऱ्यांवरील) दीर्घकालीन प्रयोग असतील तर १० आणि केवळ अल्पकालीन असतील तर १०००. समुद्री पाण्यासाठी त्याहून मोठा. प्रयोग भरपूर असतील तर निरनिराळ्या प्रजातींच्या संवेदनशीलतेचा वक्र मांडून ज्या पातळीला पाच टक्के प्रजाती बाधित होतील ती काढतात. युरोपीय मार्गदर्शनानुसार त्यासाठी किमान दहा प्रजाती आणि आठ जीवगट असावेत. कालवे, निवटी आणि जवळा यांवरचे स्थानिक प्रयोग नसताना हा वक्र बहुतांशी परदेशी प्राण्यांचा असतो. ते मान्य करून चालावे लागते.

कॅलिफोर्नियात तज्ज्ञांच्या गटाने २०२२ मध्ये अशा पद्धतीने चार पायऱ्यांचे उंबरठे सुचवले. १ ते ५००० मायक्रोमीटर आकाराच्या सर्व कणांसाठी, अन्न विरळ होण्याच्या परिणामाचे उंबरठे लिटरमागे ०.३ पासून ३४ कणांपर्यंत आहेत, तर ऊतींत शिरण्याच्या परिणामाचे ६० पासून ४११० पर्यंत. सर्वांत खालची पायरी ओलांडली तर अधिक निरीक्षण करायचे आणि सर्वांत वरची ओलांडली तर प्रदूषण रोखण्याची कारवाई, अशी त्यांची मांडणी आहे. खाडीसाठी स्वतःचा उंबरठा नसताना पहिली चाळणी म्हणून हे आकडे वापरण्यास हरकत नाही.

दोन बाजूंची जुळवणी

आता मूळ अडचण. समजा, खाडीत ओढलेल्या जाळ्यात ९० घनमीटर पाण्यामागे १८० कण सापडले. म्हणजे घनमीटरमागे २, लिटरमागे ०.००२. ०.३ च्या उंबरठ्याच्या तुलनेत हे इतके क्षुल्लक दिसते की अहवाल इथेच संपवावासा वाटेल. पण उंबरठा १ मायक्रोमीटरपासूनच्या कणांचा आहे आणि जाळ्याने ३०० मायक्रोमीटरच्या वरचेच कण धरले आहेत.

निसर्गात कण जसजसे लहान होतात तसतशी त्यांची संख्या वेगाने वाढते, आणि ही वाढ ढोबळमानाने घातांकाच्या नियमाने चालते, म्हणजे संख्या कणाच्या लांबीच्या एका ऋण घाताच्या प्रमाणात बदलते. घातांक मोठा असेल तितके लहान कण अधिक. रूपांतराचा गुणक असा काढतात: घातांकातून १ वजा करून जी संख्या येते तिला ऋण घात मानावे, हव्या असलेल्या आकारपट्ट्याच्या खालच्या टोकाचा तो घात वजा वरच्या टोकाचा घात हा अंश, आणि मोजलेल्या आकारपट्ट्याचा तसाच फरक हा छेद. घातांक २ धरला तर ३०० ते ५००० या पट्ट्यावरून १ ते ५००० या पट्ट्यावर जाण्याचा गुणक सुमारे ३१९ येतो. आपले ०.००२ आता लिटरमागे ०.६४ होते, म्हणजे उंबरठ्याच्या दुप्पट.

याच हिशोबात घातांक १.६ धरला तर गुणक सुमारे ३७, प्रमाण ०.०७५ आणि भागफल ०.२५. घातांक २.६ धरला तर गुणक नऊ हजारांच्या वर, प्रमाण सुमारे १८.६ आणि भागफल ६२. पाणी तेच, जाळे तेच, कण १८० च. केवळ एका गृहीतकाने निष्कर्ष ‘काळजी नको’ पासून ‘तातडीने पाहा’ पर्यंत फिरला. मोजणीतील यदृच्छ त्रुटी, १८० कणांसाठी जेमतेम १५ टक्के, या फरकापुढे काहीच नाही. म्हणून नव्या ठिकाणी आणखी दहा वेळा जाळे ओढण्यापेक्षा, आहे त्या ठिकाणी लहान कण मोजून खाडीचा स्वतःचा घातांक काढणे हा पैशाचा कितीतरी चांगला उपयोग आहे. पंपाच्या नमुन्यांतील २० ते ३०० मायक्रोमीटरच्या कणांच्या लांब्या नोंदवल्या असतील तर तो काढता येतो. लांबी न नोंदवलेल्या जुन्या मोजण्यांवरून येत नाही.

घातांक काढताना आलेखावर सरळ रेषा डोळ्यांनी ओढू नये. मोजणीच्या खालच्या टोकाला कण हरवलेले असतात, त्यामुळे तिथे वक्र खोटाच वाकतो. जिथपर्यंत परतावा चांगला आहे तेवढाच पट्टा घ्यावा आणि घातांकाबरोबर त्याची अनिश्चितताही द्यावी. पाणी आणि गाळ यांचे घातांक वेगळे असतात, एकाचा दुसऱ्याला लावू नये.

यानंतर प्राण्याच्या तोंडाचा विचार. पाण्यातील सगळे कण त्याच्यासाठी उपलब्ध नसतात. प्रत्येक प्रतिनिधी प्राण्यासाठी गिळता येणारा सर्वांत मोठा आकार ठरवून त्याच्यापुढचा भाग हिशोबातून काढावा. अन्न विरळ होण्याचा परिणाम पाहायचा असल्यास संख्येवरून आकारमानावर यावे लागते: ३०० मायक्रोमीटर व्यासाच्या एका गोलाचे आकारमान १ मायक्रोमीटरच्या २ कोटी ७० लाख गोलांइतके असते. प्रयोगात १० मायक्रोमीटरचे मणी वापरले असतील, तर त्या मण्यांचे एकूण आकारमान काढून खाडीतील गिळता येण्याजोग्या मिश्र कणांचे तेवढेच आकारमान किती संख्येत बसेल, ते काढावे. हे केल्यावरच प्रयोगाचा उंबरठा आणि खाडीतील प्रमाण एका मापात येतात.

प्राण्यांच्या पोटातील कणांची मोजणीही उपयोगी असते, पण ती संपर्काचा पुरावा आहे, हानीचा नव्हे. बहुतेक कण विष्ठेबरोबर बाहेर पडतात, त्यामुळे पोटातील संख्या म्हणजे त्या क्षणाचे चित्र. कालवात कण सापडले हे वृत्तपत्रासाठी पुरेसे असेल, जोखमीच्या मूल्यांकनासाठी नाही. त्याच्या शेजारी त्याच कालवाचे वजन आणि कवचाची लांबी यांच्या नोंदी ठेवल्या तरच काही सांगता येते.

भागफल आणि त्यावरची खबरदारी

जुळवलेले प्रमाण भागिले सुरक्षित पातळी म्हणजे जोखीम-भागफल. तो १ पेक्षा कमी असेल तर जोखीम कमी, १ च्या वर असेल तर पुढचा अभ्यास किंवा उपाय, एवढाच त्याचा अर्थ. ६२ भागफल म्हणजे ६२ पट हानी असे मुळीच नाही. एकच आकडा देण्याऐवजी घातांक, परतावा, सुरक्षित पातळी या सर्वांच्या संभाव्य पल्ल्यांतून संगणकावर काही हजार वेळा यदृच्छ मूल्ये उचलून भागफल काढावा आणि किती टक्के वेळा तो १ च्या वर जातो ते सांगावे. कोणत्या गृहीतकाने निकाल सर्वाधिक हलतो, तेही त्यातून दिसते.

भारतातील अनेक अभ्यासांत ‘प्रदूषण भार निर्देशांक’ आणि ‘बहुवारिक (पॉलिमर) धोका निर्देशांक’ यांना जोखीम म्हटले जाते. माझ्या मते हा शब्दाचा गैरवापर आहे. पहिल्यात मोजलेल्या प्रमाणाला ‘मूळ’ प्रमाणाने भागून वर्गमूळ काढतात, आणि हे मूळ प्रमाण बऱ्याचदा त्याच अभ्यासातील सर्वांत कमी आकडा असतो. दुसऱ्यात प्रत्येक प्लास्टिकला ते ज्या कच्च्या रसायनांपासून बनते त्यांच्या धोक्यावरून गुण दिलेले असतात. पीव्हीसीला दहा हजारांच्या वर आणि पॉलिप्रॉपिलीनला १. नमुन्यात पीव्हीसीचे दोन कण जास्त आले की निर्देशांक आकाशाला भिडतो, आणि त्यात एकाही जलचराला काय झाले याचा पत्ता नसतो. ठिकाणांचा क्रम लावण्यासाठी ते वापरावेत, ‘अतिधोकादायक’ असा शिक्का मारण्यासाठी वापरू नयेत.

खाडीत प्लास्टिक एकटे नाही. सांडपाण्यामुळे घटलेला विरघळलेला प्राणवायू, अमोनिया, जड धातू आणि भराव यांचा ताण त्याच प्राण्यांवर त्याच वेळी असतो. म्हणून प्रत्येक नमुन्याबरोबर क्षारता, तापमान, विरघळलेला प्राणवायू, अमोनिया आणि निलंबित गाळ यांची नोंद घ्यावी. प्राणवायू रात्री घसरून मासे मरत असतील तर त्याचे खापर मायक्रोप्लास्टिकवर फोडल्याने उपायही चुकीच्या जागी होतील.

अहवालात मोजलेला आकारपट्टा, जाळीचे छिद्र, कोऱ्या नमुन्यांची मोजणी, परताव्याचे प्रमाण, वापरलेला घातांक आणि प्रत्येक गृहीतकाचे कारण हे निष्कर्षाच्या आधी यावे. भागफल केवळ सर्वांत वाईट गृहीतकाखालीच १ च्या वर जात असेल तर उपाययोजनेची मागणी करण्याऐवजी लहान कणांच्या मोजणीसाठी निधी मागावा. तो बहुतेक गृहीतकांखाली वर जात असेल, तर नाल्यांच्या मुखांपैकी कोणते सर्वाधिक भर घालते आणि त्यात तंतू जास्त आहेत की दाणे की टायरची झीज, हे क्रमाने दाखवावे; तंतूंसाठी सांडपाणी प्रक्रिया, दाण्यांसाठी कारखान्याच्या आवारातील गाळण्या, झिजेसाठी पावसाळी गटारांवरचे गाळकुंड, असे उपाय स्रोतागणिक वेगळे पडतात. मोजून झालेले गाळणकागद काचेच्या बंद बश्यांत, ठिकाण, तारीख आणि भरतीची वेळ लिहून जपावेत. पुढे यंत्र मिळाले की तेच कण पुन्हा ओळखता येतात आणि उपायानंतरची फेरी त्याच भरतीच्या टप्प्यावर घेऊन तिची या नमुन्यांशी तुलना करता येते.